अग्रशाळेपासून भाड्याच्या खोलीपर्यंत

कोजागरीच्या रात्री पेडण्याला पुनव असते. बांदा, आरोंदा, सातार्डा इकडची आपली माणसे पूर्वी पायी जात, आता गाड्यांनी जातात. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि रात्र सरता सरता भूतनाथ रुसतो. लोककथेप्रमाणे त्याचे गाऱ्हाणे अगदी साधे आहे. मला देऊळ नाही. एका रात्रीत, एका दगडाचे आणि एका लाकडाचे देऊळ मला बांधून द्या. ते कोणाच्याने होणारे नसते. मग देव रानाची वाट धरतो, माणसे त्याच्या मागे धावतात, आज बांधतो, उद्या बांधतो अशी त्याची समजूत घालतात, आणि देव परततो. पुढल्या वर्षी पुन्हा तोच रुसवा आणि तोच वायदा.

ज्या गावच्या देवालाच छप्पर मिळत नाही, त्या गावच्या तालुक्यात आज देशोदेशीचे प्रवासी छप्पर शोधत येतात. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी ही नावे कालपर्यंत आपल्याकडच्या सोयरिकींच्या याद्यांत असत. आता ती मुंबई-दिल्लीच्या तरुणांच्या तोंडी आहेत. स्वस्त खोली कुठे मिळेल, हा प्रश्न घेऊन माणूस गोव्यात उतरतो. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. गोव्यात परक्या माणसाने रात्र कुठे काढायची, याला किमान चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या सीमेकडच्या माणसांचा वाटा लहान नाही.

देवाच्या दारचा मुक्काम

गोव्यातला सगळ्यांत जुना स्वस्त मुक्काम म्हणजे देवळाची अग्रशाळा. देवळाच्या प्राकारात तिन्ही बाजूंनी बांधलेल्या लांबट कौलारू इमारती, पुढे पडवी, आत ओळीने खोल्या, जवळ विहीर किंवा तळी. कुलदेवतेच्या दर्शनाला आलेल्या कुळाव्यांनी इथे उतरायचे, स्वतःची वळकटी पसरायची, आणि पुजाऱ्याकडे आदल्या दिवशी सांगून ठेवले असेल तर दुपारी नैवेद्याचे जेवायचे.

या अग्रशाळा अशा जागी का उभ्या राहिल्या, हे समजायला सोळाव्या शतकात जावे लागते. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या प्रदेशातली देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे, आदिलशाहीच्या मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६०मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला. त्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, आणि ते सांगणारा शिलालेख तिथे आहे. गोवा सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर हे देऊळ २०२३मध्ये पुन्हा खुले झाले.

म्हणजे देव स्वतःच आधी निर्वासित झाले आणि मग त्यांच्या दारात भक्तांची सोय करावी लागली. भक्त तर त्याहून दूर पांगले होते. कोणी कारवार-मंगळूरकडे, कोणी मालवण-वेंगुर्ल्याकडे, कोणी पुढे मुंबईला. वर्षा-दोन वर्षांनी देवाला यायचे तर चार-आठ दिवसांचा मुक्काम पडणार. त्याला छप्पर हवे. कवळ्याचे आजचे देवालय १७३८च्या सुमारास उभे राहिले, ते शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने. आणि हे नारो राम मूळचे आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. सीमेपलीकडच्या देवळाला सीमेअलीकडचा हात लागल्याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

तरीही अग्रशाळेचे गुणगान करताना हात थोडा आखडावा लागतो. ती स्वस्त होती, पण सर्वांसाठी नव्हती. खोली मिळायची ती महाजन आणि कुळावी यांना. आडनाव, गाव, गोत्र विचारून. ज्यांच्या जातीला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती, त्यांनी जत्रेची रात्र दीपमाळेपलीकडे, वडा-पिंपळाखाली काढली. ढोल वाजवणारे, पालखीची वाट साफ करणारे, बैलगाडी हाकून यजमानाला आणणारे हे सगळे बाहेरच. त्यांच्या मुक्कामाची नोंद कुठल्याही देवस्थानच्या वहीत सापडायची नाही.

या बाहेरच्यांत एक जमात मात्र मान मिळवून होती, ती दशावतारी. पेटारा डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी ही मंडळी सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून पेडणे, डिचोलीपर्यंत जत्रांमागून जत्रा करीत. दिवसा देवळाच्या ओवरीत झोपायचे, गावाने दिलेला शिधा शिजवायचा आणि रात्री राजा होऊन उभे राहायचे. सीमा त्यांना कधी आडवी आली नव्हती. नाटक जिथे, तिथे मुक्काम.

डिचोलीतल्या शिरगावला लईराईच्या जत्रेचे धोंड जमतात तो प्रकार याहून निराळा. गोव्याच्या गावोगावचे आणि आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडचेही धोंड व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन येतात. धोंडाला हॉटेल लागत नाही आणि चालतही नाही. तळीवरचे स्नान, सोवळ्यातले जेवण आणि उघड्यावरची रात्र हाच त्याचा मुक्काम. मे २०२५मध्ये या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. हजारो माणसे एका लहान गावात एका रात्रीसाठी येतात तेव्हा त्यांची उतरायची, वावरायची जागा हा श्रद्धेइतकाच व्यवस्थेचाही प्रश्न असतो, हे त्या रात्रीने फार क्रूरपणे दाखवले.

खारे न्हाण

पर्यटन हा शब्द गोव्यात पोचण्यापूर्वी समुद्रकाठी राहायला जाण्याची चाल तिथे होतीच. मे महिन्यात खारे पाणी अंगाला लागले म्हणजे वर्षभराचे दुखणे जाते, असा समज. डिचोली-साखळीकडची कुटुंबे बैलगाडीत तांदूळ, सुके मासे, कणगीतले कुळीथ घालून समुद्राकडे निघत. ख्रिस्ती घरांतून या हवापालटाला मुदांस म्हणत; हा मूळचा पोर्तुगीज शब्द. कळंगुट-बागेकडे कोळ्याचे किंवा रेंदेराचे घर पंधरा दिवस, महिनाभर भाड्याने घ्यायचे. घरमालक आपले बिऱ्हाड मागच्या खोपीत हलवायचा.

घरमालक मागे आणि पाहुणा पुढे, ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे परदेशी पोरे आली तेव्हा कळंगुट आणि हणजूणच्या माणसाला नवे काहीच शिकावे लागले नाही. त्याच्या आजीने हेच केले होते.

खऱ्या अर्थाची हॉटेले त्या काळात पणजीत. १९५२मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने मांडवी हॉटेल उभे राहिले. सामान्य माणूस उतरायचा तो पणजीच्या माळ्यावर, फोन्तेन्यसमध्ये एखाद्या घरच्या खोलीत, किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आलेला असेल तर दुकानाच्या फळीवर.

नाकेबंदीची सात वर्षे

आपल्याकडच्या माणसाला गोव्यात लॉज शोधायची वेळ एरवी येतच नसे. पेडण्यात मामा, मांद्र्यात आत्या, मोप्याला बहिणीचे सासर. पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती आला तोच मुळी १७८८मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. त्याआधीची पिढ्यानपिढ्यांची सोयरीक राजकीय रेषेने तुटली नाही. सीमेवर सगळ्यांत स्वस्त मुक्काम म्हणजे पाहुण्याकडची ओसरी.

ही ओसरी बंद पडली ती १९५४-५५च्या सुमारास. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही सीमा ओलांडून आत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवीच्या नाक्यावर करनैलसिंग बेनीपाल पडले. पंजाबातला तो तरुण पेडण्याच्या मातीत देह ठेवता झाला. त्या दिवसांत बांदा-सावंतवाडी भागाने भारतभरच्या अनोळखी माणसांना आसरा दिला. दरवाजे उघडे ठेवावे लागले, आणि ठेवले गेले. यानंतर भारत सरकारने नाकेबंदी आवळली. भाऊबीजेला बहिणीकडे जाता येईना, कुलदेवतेला जाता येईना. मुंबईचे कुळावी येईनासे झाले आणि अग्रशाळांच्या पडव्या ओस पडल्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा सीमेवरच्या घरांना त्याचा पहिला अर्थ कळला तो हा, की आता रात्रीच्या मुक्कामाला जाता येईल.

नदीपलीकडचा तालुका

मुक्तीनंतर गोवा भारतीय प्रवाशाला खुला झाला आणि साठीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हिप्पीही येऊ लागले. एट फिंगर एडी या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन त्यांतला आद्य मानला जातो. मुंबईहून बोटीने पणजी, तिथून कळंगुट, मग हणजूण. १९७४मध्ये शिकेरीला आग्वाद किल्ल्याच्या आवारात ताज समूहाचे हॉटेल झाले, १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे पंतप्रधान विश्रांतीला येऊन गेले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून सनदी विमाने थेट दाबोळीला उतरू लागली. कळंगुटचे भाव चढले. ज्यांच्या खिशात पैसे कमी आणि हाती महिने जास्त, ते परदेशी उत्तरेकडे सरकू लागले.

त्यांना आडवी आली शापोरा नदी. शिवोली-चोपडे पूल होण्याआधी पेडण्याच्या किनाऱ्यावर जायचे तर फेरीबोट, नाहीतर कोलवाळच्या पुलावरून लांबचा वळसा. ही गैरसोय हाच पेडण्याचा स्वस्तपणा होता. जिथे टॅक्सी सहज पोचत नाही, तिथे दलाल पोचत नाही. दलाल पोचला नाही की भाडे घरमालक आणि पाहुणा यांच्यातच ठरते. हरमलला विहिरीवर अंघोळ, कंदिलाचा उजेड, शेणाने सारवलेली जमीन आणि महिन्याच्या बोलीने खोली. डोंगराच्या पलीकडे समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचे तळे. पाश्चात्य पोरांना याहून अधिक काही नको होते.

पण ही खोली देणारा कोण होता? इथे पेडण्याचा इतिहास बारदेशापेक्षा वेगळा होतो. पेडणे हा मोठ्या जमीनदारांचा मुलूख. पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगीज राजवटीने व्हिस्काउंट ही पदवी दिली होती. किनाऱ्यावरची बहुसंख्य घरे भाटकाराच्या जमिनीवर उभी होती आणि त्यांत राहणारा होता मुंडकार. भिंती त्याच्या, छप्पर त्याचे, पण खालची माती दुसऱ्याची. भाटकाराने डोळे वटारले तर घर सोडायची पाळी. कायद्याच्या भाषेत काहीही म्हणा, मुंडकार हा स्वतःच एक कायमचा पाहुणा होता.

१९६४चा कूळ कायदा पेडण्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना झाला. त्यांच्यानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७५मध्ये, मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला आणि घर व त्याखालची ठराविक जमीन विकत घेण्याची वाट खुली झाली. नेमक्या याच काळात किनाऱ्यावर परदेशी पाहुणे खोली मागत होते. दोन गोष्टींची गाठ पडली. काल-परवापर्यंत ज्याला आपल्या डोक्यावरच्या छपराची खात्री नव्हती, तो त्याच छपराखाली दुसऱ्याला जागा देऊ लागला. मासे नसतील त्या दिवशी चूल पेटवणारा पैसा खोलीतून आला, पोरीची शाळा खोलीतून झाली, मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या. गोव्याच्या पर्यटनाचा इतिहास सांगणारे हॉटेलांची नावे सांगतात. पेडण्यात तो इतिहास मुंडकाराच्या मागल्या दाराने आला, हे सांगायचे राहून जाते.

या व्यवहाराला नियमाची चौकट मिळाली १९८२मध्ये, पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या कायद्याने. एक खोली प्रवाशाला दिली तरी नोंदणी आली. परदेशी उतरला तर पोलिसांकडे सी-फॉर्म आला. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधने घातली. कायदे चांगल्या हेतूचे होते. पण वकील ठेवू शकणारा मोठा बांधकामवाला त्यातून वाट काढी आणि अर्धे घर वाढवणारा रापणकार नोटिशीने घाबरून जाई, हेही तितकेच खरे.

डिचोलीच्या खोल्या

डिचोलीला समुद्र नाही. मयेचा तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि पांडवांच्या नावाने ओळखली जाणारी लेणी, नार्व्याचे देऊळ. प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततो. डिचोलीत खोली भाड्याने लागली ती लोहखनिजामुळे. खाणीवरचा कामगार, ट्रकचा ड्रायव्हर, यंत्रे दुरुस्त करणारा मिस्त्री हे तिथले मुक्कामाचे गिऱ्हाईक. २०१२मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि कर्ज काढून बांधलेल्या खोल्यांना कुलपे लागली. खाणींच्या लिलावानंतर थोडी हालचाल परत आली आहे. एकाच धंद्याच्या जिवावर बांधलेली खोली किती कच्ची असते, याचा धडा डिचोलीने किनाऱ्याच्या आधी गिरवला. २०२० साली महामारीत तोच धडा हरमलला मिळाला.

एक रात्र

१९९४च्या डिसेंबरातली गोष्ट सांगतो. जुन्या गोव्यात शवप्रदर्शन चालू होते. मी आणि माझा एक मित्र कामासाठी पणजीत होतो, शेवटची गाडी चुकली. एकामागून एक लॉज पाहिले. एका ठिकाणी जागा होती, पण भाडे फळ्यावर लिहिलेल्याच्या तिप्पट. रात्र बसस्थानकाच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशीही काम अपुरे राहिले म्हणून एका देवस्थानच्या अग्रशाळेत गेलो. कारकुनाने माझे आडनाव विचारले, गाव विचारले, कुलदैवत विचारले आणि चावी पुढे केली. पंखा, दोन चटया, विहिरीचे पाणी. पैसे अगदी नाममात्र.

खोलीत आल्यावर मित्र म्हणाला, "माझं आडनाव विचारलं नाही ते बरं झालं."

त्याचे आडनाव आमच्या भागात सगळ्यांना समजते. मी काहीच बोललो नाही. लॉजवाल्याने तिप्पट मागितले होते, पण आडनाव विचारले नव्हते. या दोन्हींतले कोणते महाग, याचा हिशोब मी अजून करतो आहे. आज बऱ्याच देवस्थानांनी आपल्या खोल्या सर्वांना खुल्या केल्या आहेत, नव्या इमारती बांधल्या आहेत. हे चांगले झाले. पण जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होताना ती रात्र मला आठवते आणि लेखणी सावध होते.

आजचा हिशोब

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली आणि पेडण्याला स्थानक मिळाले. ११ डिसेंबर २०२२ला मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. नदीपलीकडचा आडवळणाचा तालुका गोव्याचे मुख्य दार झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४मध्ये गोव्यात आलेल्या प्रवाशांची संख्या कोटीच्या वर गेली. आणि २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती साडेचौदा लाखांच्या आसपास.

स्वस्त खोलीचा अर्थही बदलला. हजार रुपयांखालच्या खोलीला पूर्वी वस्तू-सेवा कर नव्हता. जुलै २०२२पासून १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. दर आता फळ्यावर नसतो, मोबाईलवर असतो, आणि शुक्रवारी सकाळी असलेला संध्याकाळी राहत नाही. घरमालक आणि पाहुणा यांच्यामध्ये दलाल येऊन बसला आहे, फक्त त्याला तोंड नाही. हरमल-मांद्र्याची कित्येक घरे वर्षाच्या कराराने बाहेरच्या माणसाने घेतली आहेत. तो त्यांत खोल्या पाडून भाड्याने देतो. घरमालक पुन्हा मागच्या खोपीत, फरक इतकाच की आता मे संपला तरी तो पुढे येत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड झाले ते आपल्या पोरांचे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाची शेकडो मुले रोज सकाळी मोटारसायकली मारत गोव्यात कामाला जातात: हॉटेलांत, कारखान्यांत, दुकानांत, आता विमानतळावर. ज्या खोल्यांच्या चादरी ती बदलतात, त्यांतली एकही त्यांना परवडत नाही. महिन्याने खोली द्यायला घरमालक राजी नसतो, कारण रोजाने दिली तर चार दिवसांत तेवढे सुटतात. त्याला तरी दोष कसा द्यावा? त्याच्या आज्याला त्या घरात राहायची खात्री नव्हती. हाती आलेले तो धरून ठेवणारच. मग रात्री अकराला काम सुटले की पत्रादेवीच्या रस्त्याने परतीची रांग लागते. त्या रस्त्यावर किती अपघात झाले, ते त्या घरांना विचारावे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. अग्रशाळेची कल्पना टाकून देण्याजोगी नव्हती, तिचे दार अरुंद होते एवढेच. ग्रामपंचायत, देवस्थान, सहकारी संस्था यांनी मिळून कामकऱ्यांसाठी आणि साध्या प्रवाशांसाठी माफक भाड्याची वसतिगृहे चालवली, आडनाव न विचारता आणि दर न चढवता, तर त्याला फार मोठे भांडवल लागणार नाही. २०२५मध्ये गोवा सरकारने आतल्या भागांतल्या घरगुती मुक्कामांसाठी धोरण आणले आहे. त्याचा लाभ डिचोली-पेडण्याच्या घरच्या बाईच्या हाती पडला तर खोली तिची राहील. कंत्राटदाराच्या हाती गेला तर तीही जाईल.

यंदाही कोजागरीला पेडण्याची पुनव झाली. भूतनाथ रुसला, रानाकडे धावला, लोकांनी त्याला उद्याचा वायदा देऊन परत आणले. पहाटे गर्दी पांगली. मुंबईकर मंडळी खोल्यांवर गेली, आपल्याकडची पोरे मोटारसायकलींना लाथ मारून बांद्याच्या दिशेने निघाली. त्यांतल्या कित्येकांना सकाळी आठला परत पेडण्यातच कामावर हजर व्हायचे होते.